कोरडे तांदूळ

"आधी ती गळ्यातली बाटली काढ," आबा गुरव म्हणाले.

वसंताने काढली नाही. तो दोन्ही हातांनी ती धरून देवळाच्या सभामंडपात उभा राहिला. लाल प्लॅस्टिकची वॉटरबॅग होती, झाकणावर पिवळं बदक. पहिलीतली पोरं गळ्यात अडकवतात तसली. चाळिशीच्या, मिशा असलेल्या माणसाच्या गळ्यात ती पाहिली की नव्या माणसाला हसू यायचं आणि जुन्या माणसाला संशय.

"एक घोट घेऊ का?" त्याने विचारलं.

"तांदूळ चावून झाले की विहीर पी. आधी पाणी चालत नाय. देवीचा नेम हाय."

त्याची बहीण पंचफुला गर्दीतून पुढे आली. तिने त्याच्या मानेमागे हात घालून पट्टा सोडवला. "दे भाऊ, माह्याजवळ दे. मी धरतो," ती म्हणाली.

तिच्या मुलखातल्या बायका पुरुषांसारखं 'मी येतो, मी करतो' बोलतात. आमच्या कोकणातल्या वाडीत त्याचीही नक्कल व्हायची. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

तो हरतालिकेचा दिवस होता. मी सातवीत होते आणि माझा तो पहिलाच उपास. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. वाळूची पिंडी करून, पत्री वाहून सगळ्या बायका सभामंडपातच बसल्या होत्या. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि नवरा मिळवण्यासाठी एवढं करावं लागतं तर तो नसलेला बरा, असं माझं तेव्हाच मत होत चाललं होतं. ते पुढे खरंही ठरलं, पण ती वेगळी गोष्ट.

देवीच्या डोक्यावरचं चांदीचं छत्र नाहीसं झालं होतं. हातभर उंचीची मूर्ती, तिच्यावर खुंटीला अडकवलेलं वाटीएवढं छत्र, कडेला बारीक घुंगरू. श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी पूजेला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मग झोडपून पाऊस लागला, दिवा लावण्यापलीकडे देवळात कोणी फिरकलं नाही, आणि आज सकाळी गणपतीच्या तयारीसाठी आबा ते उजळायला घ्यायला गेले तर खुंटी रिकामी. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. मुंबईचे चाकरमानी यायला लागले होते. बिनछत्राची देवी त्यांना कशी दाखवायची?

म्हणून तांदूळ.

आमच्याकडे ही जुनी रीत. चोरी झाली की देवीपुढे तांदूळ ठेवायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्यांच्यावर संशय असेल त्यांना मूठभर चावायला द्यायचे. चावून केळीच्या पानावर थुंकायचे. खरा असेल त्याचे ओले लगद्यासारखे पडतात. चोराचे पडतात कोरडे, पिठासारखे. देवी त्याच्या तोंडचं पाणी पळवते.

नावापुरते आणखी दोघांना दिले. देवळात दिवाबत्ती करणारा तुकाराम आणि फुलं आणून देणारा एक म्हातारा. दोघांनी शेळीसारखे रवंथ करून ओला गोळा पानावर टाकला आणि मिशीवरून हात फिरवत बाजूला झाले. तिसरा वसंता. गाव खरं तर त्याच्यासाठीच जमलं होतं.

हे दोघं दीड-दोन वर्षांपूर्वी विदर्भातून आमच्याकडे आले. पंचफुलाचं लग्न झालेलं होतं का, नवरा कुठे होता, कोणाला पत्ता नव्हता, आणि विचारलं तर ती शिलाई मशीन जोरात मारायला लागायची. देवळाच्या मागे धर्मशाळेची एक खोली होती. भाडं म्हणून वसंताने देवळाचं आवार झाडायचं, असं कमिटीचे अध्यक्ष दाजी सावंत यांनी ठरवून दिलं होतं. पंचफुला ब्लाउज शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या हातचा ब्लाउज असा बसायचा की बायका आत येऊन तिचं तोंडभर कौतुक करायच्या आणि बाहेर पडल्या की म्हणायच्या, "असली बाई इतक्या लांब कशाला येईल गो, काहीतरी करून आली असणार."

वसंता बोलायचा नाही. हळू चालायचा, पाय जमिनीवरून फारसे न उचलता. त्याचे हात थरथरायचे. झाडू मारताना मध्येच थांबून वॉटरबॅगमधून घोट घ्यायचा, पुन्हा झाडायचा. थरथरणारे हात, तोल जाईल असं चालणं आणि सारखी तोंडाला लागलेली बाटली. गावाने दोन आणि दोन चार करून टाकले होते. बाटलीत दारू आहे. एकदा पोरांनी ती पळवून हुंगली, तर पाणी निघालं. त्यावर गावाचं म्हणणं असं पडलं की आज पाणी असेल.

आमच्या घरी मात्र त्यांचं येणं-जाणं होतं. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर, मुंबईच्या गाडीवर. ते महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईहून पंचफुलासाठी खाकी कागदाची पुडी आणायचे. आई ती माझ्याकडे द्यायची. "पंचफुलामावशीला नेऊन दे. मशीनचे बॉबिन आहेत. वाटेत कोणी विचारलं तर हेच सांग." मी पुडी कानाशी हलवत न्यायचे. आत काहीतरी खुळखुळायचं. बॉबिनपेक्षा हलकं वाटायचं, पण मुंबईचे बॉबिन हलके असतील, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आता तोच वसंता वॉटरबॅगेशिवाय उभा होता, आणि आबांनी त्याच्या तळहातावर तांदूळ ठेवले. हात एवढा थरथरत होता की निम्मे खाली सांडले.

"बघा, हात कसा कापतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

"रोजच कापतो त्याचा," पंचफुला म्हणाली.

"मग रोजच काहीतरी करत असेल."

वसंताने तांदूळ तोंडात टाकले. चावू लागला. आवाज ऐकू येत होता, खडा चावल्यासारखा. तो बराच वेळ चावत राहिला. ओठांच्या कडांना पांढरी पूड दिसायला लागली. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बदकाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"थुंक," आबा म्हणाले.

त्याने थुंकले. पानावर पांढरं पीठ उडालं. त्यातले काही दाणे अख्खेच होते. त्याला ठसका लागला, तरी तोंडातून लाळेचा एक थेंब पडला नाही.

मग दाजी सावंतांनी खाकरून घसा साफ केला. दाजी वाईट माणूस नव्हते. पंचफुलाला खोली त्यांनीच दिली होती, आणि त्यामुळेच आता आपण फसलो असं त्यांना वाटत असावं.

"वसंता, छत्र कुठे ठेवलंस ते सांग. आत्ता दिलंस तर पोलीस पाटलाकडे जात नाय."

"मी नाई घेतलं," वसंता म्हणाला. शब्द त्याच्या तोंडात चिकटून बाहेर येत होते.

"मग खोली रिकामी करा. संध्याकाळच्या आत. उद्या गावात गणपती बसतोय, चोर आवारात ठेवून बसवायचा नाय."

"दाजी, पावसात कुठी जाऊ मी याले घेऊन?" पंचफुलाने विचारलं. ती रडत नव्हती, खरोखरच विचारत होती.

"आलात तिथे."

तेव्हा माझी आई उठली.

आई बुटकी होती. उभी राहिली तरी बसलेल्या बायकांत फार वेगळी दिसायची नाही. पण तिचा आवाज एसटीच्या हॉर्नसारखा होता. बाबा म्हणायचे, मी गाडीत वाजवतो तो सरकारी आणि हा घरचा.

"दाजी, एक मिनिट. त्याचं तोंड कशाने सुकतं ते मी..." एवढं बोलून आई थांबली.

कारण पंचफुलाने मान हलवली. एवढीशी. मी आईच्या मागेच होते म्हणून मला दिसलं. नको. तिचे डोळे आईवर रोखलेले होते आणि वॉटरबॅगचा पट्टा तिने मुठीत गच्च आवळला होता. मला वाटलं, ती म्हणतेय, माझ्यासाठी भांडू नका, तुम्हाला याच गावात राहायचं आहे.

"काय, इंदूवैनी?" दाजींनी विचारलं. "तुम्ही काय?"

आई पदर खोचून पुढे गेली आणि आबा गुरवांपुढे हात पसरला.

"मलाही द्या तांदूळ."

"तुम्हाला कशाला?"

"देवळात मीही येते. शुक्रवारी पूजेला मीही होते. छत्राला हात लागेल एवढी जवळ होते."

"वैनी, तुमचा आज उपास," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "हरतालिकेचा. तोंडात दाणा घातलात तर मोडेल."

"ठाऊक आहे."

"तुझे मयेकर घाटात गाडीवर असतील," मागून एक म्हातारी बोलली. "आज तरी असलं काही करू नको गो."

बाबा त्या दिवशी खरंच मुंबईहून गणपतीची जादा गाडी घेऊन निघाले होते. पाऊस होता. कशेडीच्या घाटातली वळणं मी पाहिलेली होती. हरतालिकेचा उपास मोडला की नवऱ्याचं काय होतं ते कहाणीत सकाळीच वाचलं होतं, आणि ते मीच वाचलं होतं, मोठ्याने, कारण माझं वाचन स्वच्छ होतं.

"आई, नको," मी तिचा पदर ओढला.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आबा देईनात तेव्हा तिने स्वतःच ताटातले तांदूळ उचलले आणि तोंडात टाकले. सगळं गाव तिचं चावणं ऐकत होतं. मग ती केळीच्या पानाशी वाकली आणि थुंकली.

पीठ. वसंताच्या पिठाशेजारी तसंच पांढरं, कोरडं पीठ.

"हं," आई तोंड पुसत म्हणाली. "माझ्या घरची झडती कधी घेताय? खोली आम्हीही संध्याकाळपर्यंत रिकामी करायची का?"

"तुमचं उपासाने सुकलंय, वैनी. ते सगळ्यांना कळतंय," दाजी म्हणाले.

"तुम्हाला कळतंय. तांदळाला कळलं का?"

दाजींनी पानावरच्या दोन्ही ढिगांकडे पाहिलं.

"तोंड कशाने सुकलं हे तांदळाला कुठे कळतं, दाजी? उपासाने सुकतं, तापाने सुकतं, एवढी माणसं अंगावर आली की भीतीनेही सुकतं. तांदूळ आपले कोरडे पडतात."

"ज्याने घेतलं तोच भितो," आबा म्हणाले.

"असं? मग मीही भ्याले असेन."

तेवढ्यात बायकांतून गुरवकाकू उठल्या. आबांची बायको. जाडजूड, शांत बाई, आबांपुढे कधी चकार शब्द न काढणारी. त्यांनीही हात पुढे केला.

"मला पण द्या हो थोडे."

"तू बस खाली," आबा म्हणाले.

"सकाळपासून बसलेच आहे. पाणी नाही, बोलणं नाही. तोंड हलवायला तरी मिळेल."

कोणीतरी हसलं. गुरवकाकूंनी चावले, थुंकले. पीठ. मग सावंतांची थोरली सून उठली, तिच्यामागे तिची जाऊ. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, पण दोघींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतले होते, त्यामुळे त्यांना सासरे दिसत नव्हते. केळीच्या पानावर पांढऱ्या पिठाचे ढीग वाढत गेले. अर्ध्या वाडीतल्या बायका चोर ठरल्या, तेव्हा आबांनी तांदळाचं ताट उचललं आणि गाभाऱ्यात नेऊन ठेवलं.

"गौरी-गणपती होऊन जाऊ देत," दाजी म्हणाले. "मग बघू."

पंचफुला तोवर वसंताला खांबाशी घेऊन गेली होती. त्याने वॉटरबॅग तोंडाला लावली आणि डोळे मिटून पीत राहिला. पाणी मिशांवरून, गळ्यावरून सदऱ्यात ओघळत होतं. इतकं पाणी बघवेना म्हणून मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मी आईशी बोलले नाही. आईनेही तांदूळ थुंकल्यावर पाणी घेतलं नव्हतं. चूळसुद्धा भरली नाही. ती पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिली. शेजारणी येऊन सांगून गेल्या की इंदूने मोठं धाडस केलं, आणि जाता जाता विचारून गेल्या की गाडी किती वाजता यायची होती. गाडी संध्याकाळी यायची होती. आली नाही.

मी देवापुढे बसून बाबांना परत आणण्याच्या बदल्यात एकेक गोष्ट सोडत होते. आधी पेरू सोडले, मग काजूचे लाडू, शेवटी गणित. गणित सोडणं हा त्याग नाही हे देवाच्या लक्षात येऊ नये, अशीही प्रार्थना केली.

बाबा चतुर्थीच्या सकाळी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. घाटात दरड आल्यामुळे सगळ्या गाड्या रात्रभर एकामागे एक उभ्या होत्या. आई त्यांना बघून उठली, आणि पुन्हा खाली बसली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"मी काल उपास मोडला."

"का गो, जेवलीस?"

"तांदूळ चावले."

"गिळलेस?"

"थुंकले. सगळ्यांसमोर."

"मग मोडला कुठे?" बाबा चपला काढत म्हणाले. "पोटात काही गेलं असतं तर गोष्ट वेगळी. जा, पाणी पी आधी, आणि मला चहा टाक. घाटात एकाने पिशवीतला मोदक दिला, तेवढ्यावर आहे मी."

आई हसली की रडली ते मला मागून दिसलं नाही. तिने उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायलं. मग तिने बाबांना काय झालं ते सांगितलं. ती हलक्या आवाजात सांगत होती आणि मी फुलं निवडायच्या निमित्ताने ऐकत होते.

"तू सांगितलं नाहीस ना?" बाबांनी विचारलं.

"तिने नको म्हटलं."

"बरं केलंस," बाबा म्हणाले, आणि बराच वेळ चहा ढवळत राहिले.

गणपती गेले, गौरी गेल्या. दाजींनी 'मग बघू' म्हटलं होतं, ते बघायची वेळ आली नाही. पंचफुलाने स्वतःच मशीन बांधलं. शिवायला आलेले कपडे पुरे करून, ज्याचे त्याच्या घरी पोहोचवून दिले. गुरवकाकूंचा ब्लाउज द्यायला गेली तेव्हा काकू म्हणाल्या, राहा गो, आता कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "आज नाई म्हणत. उद्या कोणी विचारलंच तर, की याचं तोंड काऊन सुकते?"

काकूंना ते कळलं नाही. मलाही नाही.

ते दोघं बाबांच्याच गाडीने गेले. आईने डब्यात पोळ्या दिल्या. वसंताने आमच्या नळाखाली वॉटरबॅग भरून घेतली. आतापर्यंत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, पण तेव्हा झाकण लावता लावता त्याने मला ते बदक दाखवलं.

"याले बी तहान लागते," तो गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आलं, आणि तोही हसला. त्याचे दात फार चांगले होते. दीड-दोन वर्षांत आम्ही ते पाहिलेच नव्हते.

छत्र वैशाखात सापडलं. देवळामागे एक जुनी विहीर आहे, निर्माल्य टाकायची. निर्माल्यावर पाय पडू नये म्हणून आबा देवीवरचे हार टोपलीत भरून थेट त्या विहिरीत टाकत. शेवटच्या शुक्रवारी अबोलीच्या, झेंडूच्या हारांचा ढीग झाला होता, त्यात छत्र गुंतलं आणि आबांच्याच हाताने विहिरीत गेलं. सगळं गाव शोधत फिरलं, पण निर्माल्य कोण उपसून बघणार? उन्हाळ्यात विहीर आटली, गाळ काढला, तेव्हा काळंठिक्कर छत्र वर आलं. घुंगरं शाबूत होती.

आबांनी ते चिंचेने घासलं. पंचामृताने शुद्ध केलं. दाजींनी सगळ्या गावाला शिऱ्याचा प्रसाद वाटला. पंचफुलाचं किंवा वसंताचं नाव कोणी घेतलं नाही. आईने प्रसाद घेतला, घरी आणला आणि गुरापुढे टाकला.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी लग्न केलं, ते निभावलं, मग एके दिवशी निभेना तेव्हा निमूटपणे चिपळूणला वेगळी राहायला लागले. मसाल्याचा छोटा धंदा आहे, बरा चालतो. पन्नाशी ओलांडली आणि झोप गेली. नुसती झोप नव्हे. सकाळी उठून दात घासायचे, हेसुद्धा कोणीतरी ढकलल्याशिवाय होईना. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, हळूहळू बरं वाटेल, तोंड मात्र जरा कोरडं पडेल.

जरा नाही. पोळीचा घास तोंडात कापसासारखा फिरायचा. मी बाटली घेऊन हिंडायला लागले. कोणी विचारलं तर उष्णता झालीय म्हणायचे.

गेल्या वर्षी गणपतीला गावी गेले. बाबा नाहीत आता. आई आहे, आणखी बुटकी झालीय. मी ओटीवर बसून चवथ्यांदा बाटली तोंडाला लावली, तेव्हा ती नारळ खवता खवता थांबली.

"गोळ्या सुरू केल्यास वाटतं."

"कसल्या?"

"मला विचारतेस?" ती म्हणाली. "कोणती गोळी अशी तहान लावते ते मी पाहिलंय. तुझ्याच हाताने पाठवायचे मी त्या."

खाकी पुडी. हलके बॉबिन. केळीच्या पानावरचं पांढरं पीठ.

"वसंता?"

"नागपूरच्या डॉक्टरने लिहून दिल्या होत्या. गोळ्यांवर चांगला असायचा. सोडल्या की त्याला आवाज ऐकू यायचे. घेतल्या की हात कापायचे, पाय जड व्हायचे, तोंड सुकायचं. सगळं त्या गोळ्यांनीच."

"मग तू त्या दिवशी सांगितलं का नाहीस? एका वाक्यात सुटला असता तो."

आईने खवणी बाजूला सारली.

"आधीच्या गावात कळलं होतं लोकांना. बाहेरून कडी घालायचे. पोरं दगड मारायची, आणि त्यांच्या आया नुसत्या बघत बसायच्या. पंचफुला मला म्हणाली होती, इंदूताई, चोर म्हणाले तर दुसऱ्या गावात जाऊन माणसासारखं राहता येते. येडा म्हणाले, तर ते नाव आमच्या आधी गावात जाऊन बसते."

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. गुरवकाकू. आबा जाऊन दहा-बारा वर्षं झाली. काकूंना आता कमी दिसतं, पण दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बरोबर दिसतं.

"हेमा का गो? बस, बस. केवढी मोठी बाटली घेऊन बसलीस. साखर झाली की काय तुला?"

"नाही हो, उष्णता..." आईने सवयीने सुरुवात केली.

"गोळ्या घेते, काकू," मी म्हणाले. "डोक्याच्या. मन ठीक नव्हतं माझं. त्या गोळ्यांनी तोंड सुकतं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. काकू काठी टेकवून उभ्याच होत्या. ही बातमी आता संध्याकाळच्या आरतीपर्यंत वाडीभर होणार, हे मला ठाऊक होतं. होऊ दे म्हटलं.

"सुकतं म्हणजे?" काकूंनी विचारलं. "अगदी कोरडं?"

"अगदी. आत्ता तांदूळ चावायला दिलेत तर पीठ पडेल."

काकूंचे ओठ हलायला लागले, चावल्यासारखे. मग त्या हळूच पायरीवर टेकल्या आणि आईकडे वळल्या.

"इंदू. तो बहिणीबरोबरचा. बदकाची बाटली होती त्याची. ती बोलली होती मला जाताना, याचं तोंड का सुकतं म्हणून कोणी विचारलं तर. मला तेव्हा..."

"होय," आई म्हणाली.

"आमच्या ह्यांनी ती काढायला लावली त्याला."

"होय."

आत गणपतीपुढची समई तडतडली. मग काकूंनी चाचपडत माझी बाटली उचलली. त्यांच्या हाताला आता कंप सुटलेला आहे, झाकण फिरेना. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. स्वतः झाकण उघडलं, आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"पी गो," त्या म्हणाल्या. "आधी पाणी पी."